फ्रिज गार होईना? मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी

सभासद बंधू-भगिनींनो,



या पानावर आम्ही नेहमी लिहितो ते बेणे, लागण, खोडवे आणि खतांचे हप्ते यांविषयी. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने फ्रिजवर लेख लिहावा, याचे काही सभासदांना हसू येईल. परंतु हल्ली प्लॉट पाहण्यासाठी वस्तीवर गेलो, की बांधावरचे बोलणे संपल्यावर घरातून हमखास विचारणा होते, "साहेब, तुमचं कारखान्यात जाणं-येणं असतंय. जरा आमचा फ्रिज बघता का?" वास्तविक आमची पदविका शेतीची. यंत्रातले जे काही कळते ते कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातील मित्रांजवळ बसून, आणि घरच्या फ्रिजवर स्वतःचे नुकसान करून घेऊन शिकलेले आहे. तेच येथे मांडत आहोत.

मागील उन्हाळ्यात असेच एका वस्तीवर गेलो होतो. खोडव्याची पाहणी झाली, चहा आला आणि गोष्ट फ्रिजवर आली. फ्रिज गार होत नव्हता. वर्षभरात दोन वेळा गॅस भरून झाला होता. तिसऱ्या वेळी मेकॅनिकने सांगितले होते, की कॉम्प्रेसर गेला, आता नवीनच घ्या. घरात आजींना मधुमेह. त्यांचे इन्सुलिन शेजारच्या वस्तीवर ठेवले होते आणि नातू रोज दोन वेळा ते आणायला उन्हातून जात होता. आम्ही उठून फ्रिजजवळ गेलो. दाराला हात लावणार तोच सूनबाई म्हणाल्या, "साहेब, चप्पल घालून उघडा. करंट मारतंय."

"कधीपासून?"

"झालं की वरीस-दीड वरीस. आता सवय झालीय."

बंधूंनो, 'सवय झालीय' या दोन शब्दांसाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. फ्रिज गार होतो की नाही हा नंतरचा प्रश्न. तो अंगाला धक्का देतो की नाही, हा पहिला.

पहिले काम : करंट

फ्रिजच्या पिनेला तीन पाय असतात. वरचा जाड पाय अर्थिंगचा. आत कोठे वायर सोलली किंवा ओल आली, तर पत्र्यावर उतरलेली वीज या पायावाटे जमिनीत निघून जावी म्हणून तो असतो. हा पाय कापला, किंवा दोन पायांच्या साध्या बोर्डात पिन कशीबशी बसवली, की विजेला दुसरी वाट उरत नाही. मग ती हात लावणाऱ्या माणसातून जमिनीत जाते. स्वयंपाकघरातील फरशी ओली, पाय अनवाणी. लहान मूल असेल तर परिणाम काय होईल हे सांगायला नको.

त्या घरी आम्ही पिन काढली आणि फ्रिज पुढे ओढून पाहिला. कॉम्प्रेसरजवळची वायर उंदराने कुरतडलेली होती. उघड्या तांब्यावर ओलसर धूळ साचली होती आणि पत्रा तेथून जेमतेम सूतभर लांब होता. पिनेचा अर्थिंगचा पाय पक्कडीने तोडलेला होता, कारण बोर्ड जुना दोन पायांचा होता.

सबब, पुढील दक्षता प्रत्येक घरात घ्यावी :

(१) दाराला किंवा पत्र्याला किंचितही मुंग्या आल्या, तर बोर्डाचे बटन बंद करावे, पिन काढावी आणि दुरुस्ती होईपर्यंत फ्रिज वापरू नये. पिनेची बाजू बदलून, खाली लाकडी फळी टाकून किंवा चप्पल घालून भागवू नये.

(२) तीन पायांचा बोर्ड व अर्थिंगची वायर प्रत्यक्ष जमिनीपर्यंत गेली आहे का, हे जाणकार वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यावे. पुष्कळ घरांत बोर्डाला तिसरे भोक असते, पण मागे वायरच जोडलेली नसते.

(३) घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. वीज भलत्या वाटेने जाऊ लागली, की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लाइन तोडतो. त्यावरील टेस्टचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थिंग आणि हा स्विच, दोन्ही हवेत.

(४) या लेखातील पत्रा उघडण्याची व वायरींची कामे पिन काढून, हात कोरडे करून आणि पायांत चप्पल घालूनच करावीत. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही.

फ्रिज गार कसा करतो?

माठातले पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ती आतल्या पाण्यातून घेते. म्हणून माठ गार. फ्रिजचेही तत्त्व हेच. फरक एवढाच, की पाण्याऐवजी लवकर उकळणारा वायू असतो आणि तो वाया न जाता पुन्हा पुन्हा फिरतो.

कारखान्यात व्हॅक्यूम पॅन ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे लगेच समजेल. पॅनमध्ये दाब कमी केला, की रस शंभर अंशांच्या बराच खाली उकळतो. फ्रिजमध्येही तसेच होते. बर्फाच्या कप्प्याच्या नळ्यांत दाब कमी असतो. तेथे द्रवरूप गॅस शून्याच्याही बराच खाली उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता दुधाच्या पातेल्यातून, भाजीतून घेतो. कॉम्प्रेसर म्हणजे आपली मोटर-पंप. तो हा गॅस ओढून दाबतो आणि मागील जाळीत ढकलतो. तेथे उष्णता हवेत जाते, गॅसचा पुन्हा द्रव होतो आणि केसासारख्या बारीक नळीतून तो परत कप्प्यात येतो. थोडक्यात, फ्रिज थंडी तयार करीत नाही. विहिरीतून पाणी उपसावे तशी तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. म्हणून जाळी गरम लागणे हे चांगले लक्षण आहे. नव्या फ्रिजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते, त्यामुळे कडेचा पत्रा कोमट लागतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आणखी एक गोष्ट. या सर्व नळ्या सीलबंद असतात. गॅस हा ट्रॅक्टरच्या डिझेलसारखा जळून संपत नाही. संपला असेल तर कोठेतरी गळती आहे. हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

लक्षणांवरून निदान

सभासद बंधू विहिरीवरची मोटर आवाजावरून ओळखतात. फ्रिजही तसाच ओळखता येतो.

१. दिवा नाही, आवाज नाही. बोर्डात दुसरे काही लावून लाइन आहे का पाहावे. पिन सैल किंवा काळी पडली आहे का पाहावे. स्टॅबिलायझर असेल तर तो दाब कमी म्हणून तोडून बसला आहे का पाहावे. असले साधे कारण अनेकदा निघते.

२. दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर घुमतो आणि 'टिक' करून बंद पडतो. काही मिनिटांनी पुन्हा तेच. सिंगल फेज मोटरचा कपॅसिटर गेल्यावर मोटर नुसती घुमते, तसाच हा प्रकार. कारणे या क्रमाने तपासावीत :

(अ) विजेचा दाब. घरगुती लाइन २३० व्होल्टची. वस्तीवरील घरे शेतीपंपाच्या लाइनवर असली, की सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू होतात आणि दाब ढासळतो. साधा फ्रिज १८० व्होल्टच्या खाली धड सुरू होत नाही. काही नवे इन्व्हर्टर फ्रिज त्याहून कमी दाबावरही चालतात. दाब मोटरी चालू असतानाच मोजावा. रात्री मोजून उपयोग नाही.

(आ) लाइन गेली आणि लगेच आली का? बंद पडल्यावर आतील दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. त्याआधी सुरू केला तर कॉम्प्रेसरला भरलेली गाडी चढावर उचलावी लागते. म्हणून स्टॅबिलायझर घेताना उशिराने लाइन सोडणाराच घ्यावा.

(इ) रिले. कॉम्प्रेसरच्या बाजूला छोट्या झाकणाखाली तो तीन पिनांवर बसवलेला असतो. पिन काढून, कॉम्प्रेसर निवू द्यावा. मग रिले सरळ ओढून काढावा आणि कानाजवळ हलवून पाहावा. आत खुळखुळ वाजले, किंवा काळे डाग व जळका वास आला, तर तो गेला असे समजावे. त्याच्याशेजारी ओव्हरलोड असतो, तोही पाहावा. नवा आणताना जुना सोबत न्यावा व कॉम्प्रेसरवरील नंबर लिहून घ्यावा.

(ई) रिले बदलण्यापूर्वी मल्टिमीटरने त्या तीन पिनांचा रोध दोन-दोन करून मोजावा. तीन आकडे येतील. त्यांतला मोठा आकडा उरलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका हवा. उदाहरणार्थ १२, १८ आणि ३०. तसा आला, आणि कोणत्याही पिनेचा पत्र्याशी संपर्क दिसला नाही, तर वाइंडिंग शाबूत आहे. संपर्क दिसला तर मात्र तो फ्रिज पुन्हा बोर्डाला लावू नये.

हा हिशेब साध्या कॉम्प्रेसरचा आहे. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये तिन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक पाटी असते. ती पाटी पिन काढल्यावरही काही काळ वीज धरून ठेवते. ती उघडू नये. तसेच कपॅसिटर बसवलेला दिसल्यास हात न लावता वायरमनला बोलवावे.

३. कॉम्प्रेसर चालतो, पण गारवा कमी. आधी दाराचे रबर पाहावे. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावावे व नोट ओढावी. सहज निघाली तर तेथून गारवा जातो. चारी बाजूंनी अशी नोट लावून पाहावी. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसावे. वाकले असेल तर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून सरळ करावे. मग दाराचा खटका बोटाने दाबावा. दिवा विझला नाही, तर तो बंद दारातही जळत राहून आत ऊब देतो. पुढे मागील जाळी. तिच्यावर पिठाची, धुळीची पुटे चढली असतील तर मऊ ब्रशने झाडावी. फ्रिज व भिंत यांत वीतभर मोकळी जागा ठेवावी.

एवढे करूनही गारवा येत नसेल, तर अर्धा तास चालल्यावर जाळीजवळ हात धरावा. चांगली गरम असेल तर गॅस फिरतो आहे. थंडगार असेल आणि बर्फ कप्प्याच्या एकाच कोपऱ्यात धरत असेल, तर गॅस कमी आहे, नळी तुंबली आहे किंवा कॉम्प्रेसरचा पंप झिजला आहे. येथे आपले काम संपते.

४. वर बर्फ उत्तम, खाली भाजी कोमट. हा दोन दारांच्या, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजचा आजार. वरचा गारवा पंख्याने खाली येतो. दार उघडून त्याचा खटका दाबावा व पंख्याचा आवाज ऐकावा. काही नव्या फ्रिजमध्ये पंखा थोडा थांबून सुरू होतो. पंखा ठीक असेल, तर आतील वाट बर्फाने बुजली असावी. सामान काढून, पिन काढून, दारे उघडी ठेवून फ्रिज पूर्ण एक दिवस तसाच ठेवावा. सुरळीत झाला, पण आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तोच प्रकार झाला, तर बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा टायमर किंवा सेन्सर बिघडला आहे. मेकॅनिकला नेमके हेच सांगावे.

५. खालच्या कप्प्यातही दूध गोठते, फ्रिज थांबतच नाही. थर्मोस्टॅटची कळ फार पुढे आहे का पाहावे. नसेल तर थर्मोस्टॅट बिघडला असावा. परीक्षा सोपी आहे. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा. सकाळी ३ ते ५ अंश दिसावेत. तापाचा थर्मामीटर येथे चालत नाही. तो ३५ च्या खाली उतरतच नाही.

६. भाजीच्या डब्याखाली पाणी साचते. मागील भिंतीच्या तळाशी पाणी जाण्याचे छोटे भोक असते, ते तुंबलेले असते. कोमट पाणी हळूहळू सोडून व मऊ नळीने ते मोकळे करावे. तार घालू नये.

७. खडखडाट. चारी पाय टेकले आहेत का, मागील नळी पत्र्याला घासते का, पाण्याची थाळी सैल आहे का, एवढेच पाहावे.

गॅस भरण्यापूर्वी विचारा

"गॅस संपला" असे कोणी म्हणाले, की तीन प्रश्न विचारावेत. गळती कोठे सापडली? ती बुजवून फिल्टर नवा घालणार का? आणि व्हॅक्यूम करून गॅस वजनाने भरणार का? मागील पट्टीवर गॅसचे नाव व ग्रॅममध्ये वजन छापलेले असते. उसाचे वजन आपण नजरेने मान्य करीत नाही, काट्यावर करतो. मग गॅस तरी अंदाजाने का भरून घ्यावा? कमी झाला तरी गारवा नाही, जास्त झाला तरी नाही.

पूर्वीच्या फ्रिजमध्ये आर १२ नावाचा गॅस असे. तो वातावरणातील ओझोनच्या थराला मारक ठरल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगाने तो सोडण्याचे ठरवले आणि २०१० पर्यंत आपल्या देशातही तो बंद झाला. त्याच्या जागी आर १३४ ए आला. आता बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर ६०० ए असतो. हा आयसोब्युटेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. पेटतो. त्यामुळे असा फ्रिज स्वतः उघडू नये. नळीला डाग देण्यासाठी दिवा पेटवण्यापूर्वी आतला गॅस मोकळ्या हवेत सुरक्षित काढला पाहिजे, हे जाणणाऱ्या माणसालाच हात लावू द्यावा.

आमची एक चूक

बर्फ फार साचला म्हणून आम्ही एकदा स्वतःच्या घरी सुरीने तो फोडला. 'फुस्स' असा आवाज आला आणि फ्रिज कायमचा शांत झाला. बर्फाच्या कप्प्याची भिंत म्हणजेच गॅसच्या नळ्या असतात, हे ज्ञान आम्हाला त्या दिवशी झाले. सौभाग्यवतींनी अजून ते विसरू दिलेले नाही. बर्फ अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड झाला, की डीफ्रॉस्टचे बटन दाबावे किंवा फ्रिज बंद करून दार उघडे ठेवावे. घाई असेल तर आत गरम पाण्याचे भांडे ठेवावे. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, खुरपे काहीही लावू नये.

फ्रिज ट्रॉलीतून हलवताना उभाच न्यावा. आडवा नेला तर कॉम्प्रेसरचे तेल नळ्यांत जाते. तसा न्यावाच लागला, तर उभा करून काही तास थांबावे, मगच सुरू करावा.

औषधांविषयी

न उघडलेले इन्सुलिन, तसेच जनावरांच्या बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. त्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून न ठेवता मधल्या फळीवर ठेवाव्यात. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरू नये. ते दिसायला तसेच दिसते, पण काम करीत नाही. लाइन गेली तर दार उघडू नये. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ गेला, तर ती बाटली वापरावी की नाही हे डॉक्टरांनाच विचारावे.

त्या वस्तीवर पुढे काय झाले?

सभासदांनी वायरमन बोलावला. कुरतडलेली वायर बदलली, घराबाहेर नवीन अर्थिंग घातले, तीन पायांचा बोर्ड व आर.सी.सी.बी. बसवला. दुपारी मोटरी चालू असताना घरातील दाब मोजला, तो १६५ व्होल्ट भरला. रिले कानाशी हलवला, तर खुळखुळ वाजला. वाइंडिंगचे तिन्ही आकडे हिशेबात बसले. म्हणजे कॉम्प्रेसर चांगला होता. नवा रिले आणि स्टॅबिलायझर बसवल्यावर त्याच संध्याकाळी कप्प्यात बर्फ धरला. दोन वेळा भरलेला गॅस नेमका कोठे गेला होता, हे मात्र कोणालाच सांगता आले नाही.

पुढच्या खेपेस गेलो तेव्हा आजींचे इन्सुलिन मधल्या फळीवर होते. सूनबाईंनी अनवाणी जाऊन फ्रिज उघडला, पाण्याची बाटली काढली आणि आमच्यापुढे ठेवली. त्यांच्या ते लक्षातही आले नसावे. आमच्या आले.

गळीत हंगाम संपला, की कारखान्याचे ओव्हरहॉलिंग होते. त्याच सुमारास, उन्हाळा तापण्यापूर्वी, प्रत्येक घराने तासभर काढून फ्रिजची पिन, अर्थिंग, रबर आणि जाळी पाहावी, अशी आमची सभासद बंधू-भगिनींना आग्रहाची विनंती आहे. आणि घरात कोणी "करंट मारतंय, पण सवय झालीय" असे म्हणत असेल, तर उद्यावर न ढकलता आजच पिन काढावी.

कळावे, लोभ असावा.

— ऊस विकास अधिकारी